उडालेले पाखरू आणि सापडणाऱ्याचे इमान

उरणपासून बाणकोटच्या खाडीपर्यंत रायगड जिल्ह्याचा जो किनारा पसरला आहे, त्यावरील आमच्या मोहल्ल्यांत पिंजऱ्याला एके काळी मानाची जागा होती. पडवीच्या वाशाला टांगलेला पिंजरा, त्यात हिरवा राघू, वाटीत भिजवलेली डाळ आणि दांड्यांत अडकवलेली हिरवी मिरची, हे चित्र मुरूडला काय, म्हसळ्याला काय किंवा श्रीवर्धनला काय, कोणाला नवे नव्हते. घरातली कर्ती माणसे बोटीवर. पुढे ती आखाती देशांत जाऊ लागली. मागे राहिलेली म्हातारी आई, सून आणि मुले. अशा घरात दिवसभर बोलणारे एक तोंड म्हणजे तो मिठू. तो सलाम करी, मुलांची नावे घेई, परदेशी असलेल्या माणसाच्या आवाजाची नक्कलही करी. आणि एखाद्या सकाळी पाणी बदलताना दार उघडे राहिले की तोच मिठू भुर्रकन जाऊन माडाच्या शेंड्यावर बसे. मग सारा मोहल्ला मान वर करून उभा राही.

राजांनी गमावलेल्या मुलखांची नोंद इतिहासात असते. सामान्य घरातून उडालेल्या पाखराची नोंद कोण ठेवणार, असे वाचकांना वाटेल. परंतु हाताशी असलेला पक्षी सुटणे आणि तो परत मिळवणे ही माणसाची फार जुनी चिंता आहे. तिच्याभोवती कायदा उभा राहिला, हुनर उभे राहिले, आणि आमच्याच किनाऱ्याशी नाते असलेल्या एका माणसाच्या हयातीत तिला शास्त्राचेही रूप आले. या साऱ्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सुटलेले पाखरू परत मिळते ते मालकाच्या धावपळीने थोडे आणि ज्याच्या हाती ते लागले त्याच्या समजुतीने व इमानाने जास्त. प्रस्तुत लेखात आम्हांला हेच मांडायचे आहे.

मालकी उडून जाते काय?

कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. अरबस्तानाशी समुद्रमार्गे जे संबंध आले त्यांतून हा वारसा मलबारप्रमाणे आमच्याकडेही पोहोचला. शाफई फिकहमध्ये इमाम नववी (मृत्यू १२७७) यांच्या 'मिन्हाज' या ग्रंथाला मोठे स्थान आहे. दमास्कसच्या दक्षिणेकडील नवा या गावचे हे विद्वान. त्यांच्या ग्रंथातील शिकारीच्या प्रकरणात सुटलेल्या प्राण्याचा प्रश्न सरळ घेतलेला आहे. पक्षी एकदा कोणाच्या मालकीचा झाला की तो निसटल्याने मालकी जात नाही, हा त्यातला नियम. मालकाने आपण होऊन सोडून दिला तरी अधिक ग्राह्य मतानुसार मालकी कायमच राहते. सापडलेल्या पक्ष्यावर मालकीची खूण असेल, म्हणजे पंख कापलेले असतील, रंग लावलेला असेल किंवा कानात बाळी असावी तसे काही घातलेले असेल, तर पकडणारा त्याचा धनी होत नाही. आणि शेजाऱ्याची कबुतरे आपल्या ढाबळीत येऊन राहिली तर ती परत करणे आपल्यावर बंधनकारक आहे.

सातशे वर्षांपूर्वीच्या या नियमांत कबुतरवाल्यांची सारी भांडणे दिसतात. दुसऱ्याचे कबूतर आपल्या थव्यात ओढून आणणे ही या शौकातली फुशारकी. तिला फिकहने चक्क नकार दिला. पाखरू स्वतःच्या पंखांनी आले, आम्ही कुठे आणले, ही पळवाट तेथे चालत नाही.

हरवलेल्या वस्तूंसंबंधीची एक हदीसही येथे आठवते. कोणी प्रेषित मुहम्मद (स.) यांना सापडलेल्या वस्तूबद्दल विचारले. तिची खूण लक्षात ठेव आणि वर्षभर जाहीर करत राहा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. हरवलेल्या बकरीबद्दल विचारले तेव्हा तिला ताब्यात घेण्यास मुभा मिळाली, कारण ती तुझ्या नाही तर तुझ्या भावाच्या, नाही तर लांडग्याच्या तोंडी जाणार. हरवलेल्या उंटाबद्दल विचारले तेव्हा मात्र प्रेषितांना राग आला. त्याला पाय आहेत, पाण्याचा साठा त्याच्याजवळच आहे. मालक भेटेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नकोस, असे त्यांनी बजावले.

यावरून आम्हांला एक प्रश्न पडतो. पिंजऱ्यातून उडालेले पाखरू ही बकरी की उंट? जन्मापासून पिंजऱ्यात वाढलेली, दाणा शोधणे ठाऊक नसलेली परदेशी रंगीत चिमणी ही निःसंशय बकरी. कावळा, मांजर किंवा घार, कोणी ना कोणी तिचा लांडगा होणारच. पण माडाच्या ढोलीतून पिल्लू असताना काढलेला राघू वर्षभराने सुटून आपल्याच जातीच्या थव्यात मिसळला, तर त्याला पाय आहेत आणि पाणीही आहे. त्याच्यामागे धावणाऱ्याने आधी हे ठरवावे की आपण वाचवायला धावतो आहोत की पुन्हा कोंडायला.

यात लहान मुलांचे दुःख विसरून चालणार नाही. अबू उमैर नावाच्या एका मुलाची चिमणीएवढी पाळीव पक्षीण मेली, तेव्हा प्रेषितांनी त्या पोराला त्याच्या लाडक्या नावाने हाक मारून पाखराची विचारपूस केली, ही हदीस आमच्या मदरशांतील मुलांनाही ठाऊक असते. पाखरू गेल्याचे दुःख हास्यास्पद नाही, एवढे त्यातून कळते.

भूक, घर आणि आवाज

सुटलेला पक्षी परत बोलावण्याचे हुनर बादशाही शिकारखान्यांत विकसित झाले. बाज आणि बहिरी ससाणा हे पक्षी शिकाऱ्याच्या मुठीवरून सुटत आणि पुन्हा मुठीवर येत. मराठीत 'बहिरी' म्हटले की ऐकू न येणारा असे वाटते. पण हा शब्द 'बहर' म्हणजे समुद्र या अरबी शब्दाशी जोडला जातो. समुद्राकडून येणारा तो बहरी. असा पक्षी परत येतो तो माणसावरील प्रेमाने नव्हे. त्याचे वजन रोज पाहून भूक मोजून राखलेली असते. पिसे बांधलेले आमिष दोरीने फिरवले की खाद्य येथे आहे, हे त्याला कळते. तो पोट भरलेल्या अवस्थेत उडाला तर हाका मारणाऱ्याचा घसा बसतो आणि पक्षी झाडावरच राहतो. म्हणून त्याच्या पायात घुंगरू बांधत. दाट झाडीत तो दिसला नाही तरी हालचालीबरोबर घुंगरू वाजे आणि शोधणाऱ्याला दिशा मिळे.

कबुतराची गोष्ट वेगळी. त्याला ओढ असते ती घराची. अकबराने कबुतरांच्या शौकाला 'इश्कबाजी' असे नाव दिले होते आणि त्याच्या दरबारी वीस हजारांहून अधिक कबुतरे होती, अशी नोंद 'आईन-इ-अकबरी'त आहे. त्याच्या मुलाने, जहांगीरने, तर निरोप्या कबुतरांचा प्रयोग केला. मांडूहून सोडलेली कबुतरे बुऱ्हाणपूरला किती वेळात पोहोचतात हे त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. हवा स्वच्छ असेल तर बहुतेक एका प्रहरात पोहोचत. पावसात त्यांना अधिक वेळ लागे. विंध्य-सातपुड्यातला पाऊस पक्ष्याची वाट कशी चुकवतो, याची ही एक जुनी नोंदच म्हणावी लागेल.

तिसरे उदाहरण सुगरण पक्ष्याचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत दिल्लीच्या अतहर अली खान यांचा 'बया'वरील म्हणजे सुगरणीवरील टिपण छापले गेले. माणसाळलेली सुगरण मोकळी सोडली तरी खुणेसरशी परत येते. खोल विहिरीत अंगठी टाकली तर पाण्याला टेकण्याआधी ती झेलून मालकाकडे आणते, असे त्यांनी लिहिले आहे. रस्त्यावर खेळ करणारे लोक तिला मणी ओवायला आणि खेळण्यातली तोफ डागायलाही शिकवत. दोरी नाही, पिंजरा नाही, आणि तरीही पाखरू हातावर उतरते, याचे पाहणाऱ्यांना मोठे नवल वाटे.

या तिन्हींतून आजच्या घरगुती पाखरासाठीही धडा मिळतो. उडालेला राघू किंवा कॉकाटेल पहिल्या दिवशी बहुधा जवळपासच असतो. पिंजऱ्यात वाढलेल्या पाखराला वर चढता येते, पण उंचावरून खाली कसे उतरावे हे त्याने शिकलेले नसते. काठी घेऊन, जाळे घेऊन किंवा झाडावर पोरगा चढवून ते आणखी लांब जाते. त्याऐवजी ते कोठे बसले आहे त्यावर अंधार पडेपर्यंत नजर ठेवावी. रात्री ते जागचे हलत नाही. दुसऱ्या दिवशी फटफटताच, त्याला भूक लागलेली असताना, नेहमीची वाटी, नेहमीचा पिंजरा आणि नेहमीचा आवाज घेऊन त्या झाडाखाली थांबावे. जोडीचा पक्षी असेल तर त्याचा पिंजरा बाहेर टांगावा. त्याच्या आवाजाला ते ओ देते. भूक, घर आणि आवाज, ही तीन आमिषे बादशहाच्या ससाण्याला लागत होती तीच पडवीतल्या मिठूलाही लागतात. आणि पंख कापले आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. पक्षी पिसे झाडतो, नवी येतात, आणि मालकाच्या लक्षात येण्यापूर्वी पाखराच्या लक्षात येते की आता उडता येते.

म्हातारीची कात्री आणि हुमायूनची कात्री

आता पाखरू ज्याला सापडते त्याच्याकडे वळू. मौलाना रूमींच्या मसनवीच्या दुसऱ्या भागात बादशहाच्या पळालेल्या बाजाची कथा आहे. बाज उडून एका म्हातारीच्या झोपडीत शिरतो. ती त्याला जवळ घेते. नखे वाढलेली पाहून हळहळते, पंख फार लांब दिसतात म्हणून हळहळते. तुझ्याकडे कोणी पाहिलेच नाही रे, असे म्हणत ती प्रेमाने त्याची नखे आणि पंख कापून टाकते. दिवसभर शोध घेत बादशहा तेथे पोहोचतो आणि बाजाची ती दशा पाहून रडतो. कथेचा सुफी अर्थ वेगळा आहे. पण सरळ वाचली तरी ती खरी आहे. म्हातारी दुष्ट नव्हती. तिच्या हाती काय आले आहे हे तिला ठाऊक नव्हते, एवढेच. ज्याला सापडलेले पाखरू ओळखता येत नाही, तो मायेनेही त्याचे नुकसान करतो.

दुसरी कात्री हुमायून बादशहाची. शेरशहाकडून पराभव होऊन तो सिंधच्या वाळवंटात भटकत होता. १५४२ साली अमरकोटच्या मुक्कामात एक सुंदर पक्षी त्याच्या तंबूत शिरला. दारे लावून पक्षी पकडण्यात आला. हुमायूनने कात्रीने त्याची काही पिसे कापली, चित्रकाराला बोलावून त्याचे चित्र काढवून घेतले आणि मग पक्षी सोडून द्यायला सांगितले. त्याचा सेवक जौहर याच्या आठवणींत हा प्रसंग आहे. राज्य गेलेला, घर नसलेला माणूस आपल्याकडे आलेल्या पाहुण्याला ठेवून घेत नाही. त्याची नोंद करतो आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ देतो. म्हातारीने आपल्या मायेपोटी कात्री चालवली. हुमायूनने पाहिले, टिपले आणि हात उघडला.

युरोपातील सरदार ससाण्याच्या पायातील वादीला मालकाचे नाव कोरलेली धातूची कडी लावत. हा पक्षी अमक्याचा आहे, सापडल्यास आणून द्या, असा तिचा अर्थ. ही मालकीची खूण पुढे शास्त्राच्या हाती आली. १८९९ साली डेन्मार्कमधील व्हिबोर्ग गावचे शिक्षक हान्स ख्रिश्चन मोर्टेन्सन यांनी साळुंकीच्या कुळातील पक्ष्यांच्या पायात ॲल्युमिनियमची क्रमांक घातलेली कडी चढवून त्यांना सोडून दिले. कडे तेच राहिले, पण त्याचा अर्थ पार बदलला. हा पक्षी माझा आहे, असे ते आता म्हणत नव्हते. हा तुम्हांला कोठे भेटला तेवढे कळवा, एवढीच त्याची मागणी होती.

किहीमचे घर

हा बदल आमच्या किनाऱ्यावर आला तो अलिबाग तालुक्यातील किहीम गावाच्या वाटेने. डॉ. सालिम अली (१८९६-१९८७) हे मुंबईच्या सुलेमानी बोहरा कुटुंबातले. आईवडील लवकर गेल्याने मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे खेतवाडीत ते वाढले. तय्यबजींच्या विस्तृत कुटुंबाचे सुट्टीचे ठिकाण किहीम. लहानपणी स्वयंपाकघरासाठी बाजारातून आणलेले तितर आणि लावे सुरीखालून सोडवून पिंजऱ्यात पाळायचे, हा त्यांचा पहिला पक्षीछंद. १९०८ साली छऱ्याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ते मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तेथील सचिव मिलार्ड यांनी त्यांना पक्ष्यांचा संग्रह दाखवला, ही हकीगत सर्वश्रुत आहे.

त्या मानाने कमी सांगितली जाते ती १९३० सालची गोष्ट. बर्लिनला प्रोफेसर श्ट्रेसेमान यांच्याकडे शिकून सालिम अली परतले, तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. पत्नी तहमीना यांच्यासह ते किहीमला येऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्याचे ते महिने त्यांनी एका जागी बसून खोपे पाहण्यात घालवले. त्यांना दिसले ते असे. विणकाम करणारा असतो नर. खोपा अर्धा झाला की माद्या पाहणीला येतात. एखादीला तो पसंत पडला तर ती तेथे बिऱ्हाड करते आणि नर तो पुरा करतो. मग तोच नर दुसरा खोपा बांधायला घेतो आणि दुसऱ्या मादीला वसवतो. मराठीने ज्या पक्ष्याला 'सुगरण' असे बाईचे नाव दिले, त्याच्या घराचा गवंडी पुरुष निघाला. १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पक्षीशास्त्रात त्यांचे नाव झाले.

अतहर अली खान आणि सालिम अली या दोन मुसलमान लेखकांच्या मध्ये सुमारे दीडशे वर्षे आहेत आणि पक्षी तोच आहे. पहिल्याने लिहिले ते हातावर परत येणाऱ्या सुगरणीबद्दल. दुसऱ्याने तिला हातावर बोलावलेच नाही. तो तिच्या झाडाखाली गेला. पाखरू मिळवण्याची ही निराळी रीत. पण खोटे चित्र रंगवायला नको. सालिम अलींनी बंदूक टाकून दिली नव्हती. शास्त्रीय संग्रहासाठी त्यांनी पुढेही पक्षी मारले आणि ते त्यांनी कधी लपवले नाही.

पक्ष्यांना कडी चढवण्याचे काम सोसायटीने धारच्या महाराजांच्या साहाय्याने १९२६ च्या सुमारास बदकांपासून सुरू केले होते. त्याला मोठे स्वरूप आले ते सालिम अलींच्या काळात. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडताप उघडकीस आला. स्थलांतर करणारे पक्षी त्याचे विषाणू आणत असावेत काय, या शंकेतून जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले आणि देशभर हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी चढली. कड्यावर क्रमांक आणि मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा अशा अर्थाची सूचना. कडे घातलेला पक्षी कोठे तरी सापडून त्याची खबर आली की त्या नोंदीला शास्त्रज्ञ 'रिकव्हरी' म्हणतात. म्हणजे परत मिळणे. पक्षी परत मिळत नाही. मिळते ती त्याची खबर. लहान पक्ष्यांत तर कडी घातलेल्या शंभरांत एकाचीही खबर येत नाही. जी येते ती कोणा शिकाऱ्याच्या, कोळ्याच्या, गुराख्याच्या प्रामाणिकपणामुळे. सायबेरियातल्या अनोळखी माणसाने पत्र टाकण्याची तसदी घेतली, म्हणून भरतपूरला हिवाळा काढणारे बदक उन्हाळ्यात कोठे असते हे आपणांस समजले.

सोसायटीने २०२२ साली ठाण्याच्या खाडीतील काही रोहित पक्ष्यांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, उपग्रहाला खबर देणारी यंत्रे बसवली. त्यांतील एकाचे नाव 'सालिम' आणि एकाचे 'हुमायून'. हे दुसरे नाव बादशहाचे नव्हे. सालिम अलींचे नातलग आणि पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली (१९१४-२००१) यांचे. तरीही अमरकोटच्या तंबूतील तो प्रसंग आठवतोच. पकडा, खूण करा, सोडून द्या.

मुरूडजवळच्या फणसाडच्या जंगलाची कहाणीही याच दिशेने गेली. जंजिऱ्याच्या नवाबांचे हे राखीव शिकारीचे रान. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९८६ साली तेच रान अभयारण्य ठरले. जेथे पक्षी मिळवणे म्हणजे तो पाडणे होते, तेथे आता दुर्बीण घेऊन माणसे जातात.

दोन कबुतरे

इतक्या प्रवासानंतर पायातले कडे वाचणे आपणांस साधले असे म्हणावे, तर अलीकडच्या दोन घटना आडव्या येतात.

मे २०२० मध्ये जम्मूच्या कठुआ जिल्ह्यात सीमेजवळ एक कबूतर पकडले गेले. त्याच्या पायात कडे होते आणि कड्यावर आकडे. गुप्त संदेशाची शंका आली, पोलिसांत नोंद झाली. सीमेपलीकडील एका गावकऱ्याने वार्ताहरांना सांगितले की कबूतर आपले आहे, ईदच्या आनंदात उडवले होते, आणि कड्यावरचा आकडा म्हणजे आपला फोन क्रमांक आहे. पाखरू हरवले तर सापडणाऱ्याने फोन करावा, म्हणून त्याने तो लिहिला होता. ते परत मिळावे अशी विनंती त्याने भारताच्या पंतप्रधानांना केली. तपासात आक्षेपार्ह काही निघाले नाही आणि पोलिसांनी कबूतर सोडून दिले.

दुसरी घटना आमच्या अगदी समोरच्या किनाऱ्यावरची. रायगड जिल्ह्यातील घारापुरी बेटासमोर चेंबूरच्या बाजूला पीरपावचा धक्का आहे. मे २०२३ मध्ये तेथे एक कबूतर पकडले गेले. पायात दोन कडी, चिनी वाटावी अशी अक्षरे. हेरगिरीच्या संशयावरून त्याला परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांच्या रुग्णालयात ठेवण्यात आले. चौकशीअंती ते तैवानमधील समुद्रावरच्या शर्यतींचे कबूतर निघाले. तेथून निसटून ते येथवर आले होते. जानेवारी २०२४ च्या अखेरीस, सुमारे आठ महिन्यांनी, त्याची सुटका झाली. कबुतराच्या आयुष्यात आठ महिने थोडे नव्हेत.

सीमेवर आणि बंदरावर पहारा देणाऱ्यांनी सावध असू नये, असे आम्ही म्हणत नाही. कबुतरांनी युद्धांत निरोप नेले आहेत, हेही खरे. पण जे कडे सापडणाऱ्याला मदतीची हाक देते, तेच कडे आरोपपत्र होऊन बसते, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. अक्षर वाचता आले नाही म्हणजे ते संशयास्पद, हा न्याय पाखरांपुरता थांबत नाही. दुसऱ्याची लिपी, दुसऱ्याची खूण, दुसऱ्याचे नाव वाचता न येणाऱ्याच्या हाती सत्ता असली की काय होते, हे वेगळे सांगायला नको. मसनवीतली म्हातारी मायेने कात्री घेते. भीतीनेही तीच कात्री उचलली जाते. दोघींच्या मुळाशी आहे ते न ओळखणे.

आपला वाटा

आज देशी पोपट, मुनिया, तितर पकडणे, विकणे आणि पाळणे यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९० च्या दशकाच्या आरंभापासून बंदी आहे. म्हणजे मिन्हाजमधील मालकीचा मुद्दा देशी राघूच्या बाबतीत आता उठतच नाही. तो उंट आहे. त्याला पाय आहेत आणि पाणी आहे. जखमी सापडला तर वनखात्याला कळवावे, धडधाकट असेल तर मान वर करून पाहावे आणि आपल्या वाटेने जावे. मोहल्ल्यातल्या मुलांना माडाच्या ढोलीतून पिल्ले काढण्याऐवजी ढोली दाखवाव्यात. सालिम अलींच्या किनाऱ्यावरील मुलांना एवढे शिकवणे जड जाऊ नये.

परदेशी पाखरे मात्र घरोघर आहेत आणि ती उडतातही. तेथे जुना नियम पुरेपूर लागू होतो. कोणाची रंगीत चिमणी आपल्या खिडकीत येऊन बसली, तर तिला दाणा-पाणी द्यावे, सावलीत ठेवावे, पायातले कडे नीट वाचून लिहून घ्यावे. मशिदीच्या दारात, वाण्याच्या दुकानावर, शाळेत आणि आता हातोहाती असलेल्या फोनवरही खबर द्यावी. खबर देताना सारी खूण सांगू नये. एखादी राखून ठेवावी म्हणजे खरा मालक ओळखता येईल. वर्षभर जाहीर करण्याची जुनी ताकीद होती ती याचसाठी, की मोह आवरायला माणसाला वेळ मिळावा. कारण पाखरू गोड असते. चार दिवसांत ते आपल्या घरचे वाटू लागते आणि मुले त्याला नाव ठेवतात. इमानाची कसोटी पहिल्या दिवशी लागत नाही; ती पाचव्या दिवशी लागते.

ज्याचे पाखरू उडाले त्याच्या हाती फार थोडे असते. वाटी, पिंजरा आणि आवाज. बाकी सारे कोणा अनोळखी माणसाच्या हाती. तो कड्यावरचे आकडे वाचतो की नाही, वाचून कळवतो की नाही, यावर घारापुरीपलीकडच्या धक्क्यावरचे कबूतर अवलंबून असते आणि भरतपूरचे बदकही. आपल्या पडवीत उतरलेले प्रत्येक पाखरू हे कोणाची तरी अमानत आहे. कधी शेजाऱ्याची, कधी पैलतीरावरच्या परक्याची, आणि कोणाचीच खूण नसेल तेव्हा, ज्याने त्याला पंख दिले त्याची.